तीन भाऊ, तीन जावा आणि एक गणपती: भांडण न होता घरचा गणपती कसा पार पाडायचा

आधीच सांगते, हे पूजेचे विधी वगैरे सांगणारं नाहीये. त्यासाठी पंचांग आहे, भटजी आहेत आणि मोबाईलवर शंभर व्हिडीओ आहेत. मी सांगतेय ते बाकीचं. म्हणजे एका घरात वर्षातून सहा-सात दिवस तीन संसार एकत्र येतात, एक गॅस, एक बाथरूम, एक सासू, आणि सगळ्यांचा देव एकच, तेव्हा शेवटच्या दिवशी "पुढच्या वर्षी लवकर या" हे देवाला आणि एकमेकांना दोघांनाही मनापासून म्हणता यावं म्हणून काय करायचं ते.

आमचं घर कुडाळ तालुक्यात, गणपती गावच्या घरी. मोठे दादा-वहिनी आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई डोंबिवलीला, आम्ही पुण्याला, धाकटे भाऊजी बडोद्याला. घर वर्षभर बंद, उघडतं ते मे महिन्यात आणि गणपतीत. मी माहेरची सातारकडची, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा निम्मं काही कळायचं नाही, ती गंमत पुढे येईलच.

आमच्याकडे मोठं भांडण झालं २०१८ ला. कारण सांगितलं तर हसाल. मूर्ती. आमच्याकडे मूर्ती गावातल्या शाळेत करतात, म्हणजे गणपतीच्या शाळेत, नागपंचमीच्या आसपास आपला पाट नेऊन द्यायचा आणि त्या पाटावर मूर्ती बसवून मिळते. पाट आजेसासऱ्यांच्या वेळचा, फणसाचा. त्या वर्षी भाऊजींनी कोणाला न विचारता शाळेत फोन करून मोठी मूर्ती सांगितली, त्यांना वाटलं सगळ्यांना सरप्राईज देऊ, पैसे पण त्यांनीच भरले. आणायला गेलो तर मूर्ती वेगळ्याच पाटावर, आमचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. आई नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "अरे ह्येका खंय बसयतलंस?" देवाच्या कोनाड्यात ती मूर्ती मावणारच नव्हती. मग टेबल आलं, मग टेबल हलतं म्हणून वीट आली, मग दादा बोलले, मग भाऊजी म्हणाले मी पैसे घातले तरी ऐकून घ्यायचं का, आणि मग दहा वर्षांचं सगळं बाहेर आलं, कोणाच्या बायकोने किती भांडी घासली इथपर्यंत. पुढच्या गणपतीपर्यंत दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

तर त्यानंतर आम्ही जे शिकलो ते लिहितेय.

बोलायचं ते मे महिन्यात

गणपतीतल्या गोष्टी गणपतीत बोलायच्या नाहीत, हा नियम एक. त्या दिवसांत सगळे दमलेले असतात, झोप झालेली नसते, उकाडा नाहीतर पाऊस, आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपणच जास्त करतोय. मे महिन्यात आंबे खाताना बोला, ते पण समोरासमोर. व्हॉट्सॅप ग्रुपवर अजिबात नको, तिथे एकाने अंगठा टाकला की दुसऱ्याला तो होकार वाटतो आणि तिसऱ्याला टोमणा.

दुसरं कारण व्यवहाराचं. रेल्वेचं आगाऊ बुकिंग आधी १२० दिवस असायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे गणपतीच्या दोन महिने आधी सकाळी आठला तीन घरांत तीन लोक मोबाईल घेऊन बसले तरच कोकणकन्या, तुतारी नाहीतर मांडवीचं काही हाताला लागण्याची आशा, आणि त्याच्या आधी कोण कधी येणार कधी जाणार हे पक्कं हवं. इथे एक गोम आहे जी माझ्या लक्षात यायला पाच वर्षं लागली. गणपती तिथीवर येतो पण गौर नक्षत्रावर येते. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. त्यामुळे गौरीबरोबर जाणाऱ्या गणपतीचे दिवस दरवर्षी सारखे नसतात. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला आला आणि गौर १० ला, २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आणि गौर ३१ ला. एक दिवसाचा फरक, पण त्या एका दिवसाच्या रजेवरून आमच्याकडे "तुम्ही दरवर्षी लवकर पळता" हे ऐकावं लागलेलं आहे. पंचांग बघून मगच रजा टाका आणि तारखा सगळ्यांना सांगा.

पैशाचं सोपं असतं, कामाचं अवघड

पैशावरून भांडणं होतात असं सगळे म्हणतात, माझा अनुभव वेगळा आहे. पैशाचे तीन भाग होतात. आम्ही प्रत्येक घरातून महिन्याला पाचशे एका खात्यात टाकतो, वर्षाचे अठरा हजार होतात, त्यात मूर्ती, किराणा, फुलं, भटजींची दक्षिणा, भजनाच्या मंडळींचं खाणं हे बसतं, कमी पडलं तर दादा घालतात आणि पुढच्या वर्षीच्या जमेतून काढून घेतात. एकच लक्षात ठेवा, घराची कौलं, रंग, लाईटबिल, मोटार दुरुस्ती ह्या गोष्टी देवाच्या पैशात मिसळू नका. ते घराचं खातं वेगळं. ते एकत्र झालं की देवाच्या नावाखाली प्रॉपर्टीची भांडणं सुरू होतात आणि मग ती कोणाच्या बापाला आवरत नाहीत.

कामाचे मात्र तीन भाग होत नाहीत कारण अर्धी कामं कोणाला दिसतच नाहीत. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची सजावटीची चौकट, बांधणं दिसतं. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं (रानातली फळं), तवसं (मोठी काकडी), आंब्याचे टाळ, हरणाची फुलं, एवढं सगळं छताला टांगलेलं असतं, येणारा जाणारा मान वर करून बघतो आणि "व्वा, यंदा माटवी झकास" म्हणतो. पण महिनोन्महिने बंद असलेल्या घरातली उंदरांची घाण काढणं, सगळ्या गाद्या उन्हात टाकणं (ऊन पडलं तर), समया चिंचेने घासणं, अठरा माणसांचे टॉवेल वाळवायला जागा शोधणं, रात्री अकराला भजनाची मंडळी येणार म्हणून काळे वाटाणे सकाळीच भिजत घालायची आठवण ठेवणं, ह्याला कोणी व्वा म्हणत नाही. आणि ही सगळी कामं कोणाकडे जातात ते मी सांगायला नको.

म्हणून एक वही करा. आम्ही २०१९ च्या मे मध्ये केली. आई, आम्ही तिघी जावा आणि ताई म्हणजे माझी नणंद, पाचजणी ओटीवर बसलो आणि घर उघडल्यापासून कुलूप लावेपर्यंतचं प्रत्येक काम लिहून काढलं, दोन तास लागले, चौऱ्यांशी कामं निघाली. मग ती यादी आम्ही पुरुषांना मोठ्याने वाचून दाखवली. काही बोललो नाही, नुसती वाचली. तिसाव्या कामाला दादा म्हणाले "बास, कळलं." आम्ही चौऱ्यांशीपर्यंत वाचली.

वाटणी करताना दोन गोष्टी. एक, काम अख्खं द्यायचं, अर्धं नाही. "भाजी आणायची" हे अर्धं काम आहे. कुठली भाजी किती ते ठरवणं, आणणं, निवडणं आणि कमी पडली तर परत जाणं हे अख्खं. भाऊजींकडे भजनाच्या रात्रीचं सगळं खाणंपिणं दिलं, म्हणजे वाटाणे भिजवण्यापासून कप विसळण्यापर्यंत. पहिल्या वर्षी उसळ करपली, मंडळींनी लाडू चहावर भागवलं, कोणी मेलं नाही. दोन, कामं दरवर्षी फिरवा. नाहीतर जी मोदक चांगले करते ती जन्मभर मोदकच करत बसते आणि तिला आरतीचं दर्शन फक्त आवाजाने होतं. वहिनींनी एकदा सांगितलं होतं की लग्नानंतरची बारा वर्षं त्यांनी प्राणप्रतिष्ठा बघितलीच नव्हती, त्या वेळेला त्या कायम चुलीपुढे. तेव्हापासून पूजा चालू असताना गॅस बंद. नैवेद्याला अर्धा तास उशीर होतो. होऊ दे.

यंदा पाळी कोणाची

बऱ्याच घरांत पाळी असते, एक वर्ष याच्याकडे एक वर्ष त्याच्याकडे. काही ठिकाणी चूल वेगळी तर देव वेगळा असं मानतात आणि प्रत्येकजण आपापला बसवतो. काही आमच्यासारखे, एकच जागा आणि सगळे तिथे. ह्यातलं कुठलं बरोबर हे मला विचारू नका, कुठलं झेपतं ते बघा. गावी जाणारं कोणी उरलं नसेल, घर पडायला आलं असेल तर ओढूनताणून तिथेच करायचं आणि शेजाऱ्याच्या जिवावर सहा दिवस देव ठेवायचा याला काही अर्थ नाही. एकमेकांचं तोंड बघवत नसेल तर वेगळा बसवा, भटजींना विचारा, रीतसर बसवा. फक्त रागाच्या भरात त्याच वर्षी करू नका, एक वर्ष जाऊ द्या. भाऊजी २०१८ नंतर वेगळा बसवणार होते, बडोद्यात मूर्ती पण बघून आले होते. आईने त्यांना एवढंच सांगितलं की बसव, पण यंदा नको. पुढच्या वर्षी ते आपले आपणच आले.

पाळी असेल तर पाळी कामाची असते, मानाची नाही, हे पहिल्यांदा स्पष्ट करा. ज्याची पाळी त्याने मूर्ती ठरवायची असं आमच्याकडे होतं आणि त्यातूनच ते टेबल आणि वीट आली. आता मूर्ती ठरलेली, शाडूची, पाटावर मावेल एवढी. पाळीवाल्याने फक्त ती वेळेवर आणायची.

ज्याची त्याची रीत

लग्न होऊन आले त्या पहिल्या गौरीला मी माहेरच्या सवयीने पुरण घातलं, सोळा भाज्यांची तयारी केली. आणि इथे गौरीपूजनाला घरात मटणाचा वास! आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, वडे-सागोती, मध्ये पडदा ओढायचा म्हणजे गणपतीला दिसू नये. मला तेव्हा धक्काच बसला होता, माहेरी माझ्या आईला फोन करून रडले होते. तर सांगायचं म्हणजे नवीन सून येते तेव्हा तिला हे आधी सांगा हो. ओवसा म्हणजे गौरीला दाखवायचं सूप, तो कसा भरायचा, सुपात काय ठेवायचं, कोणाला द्यायचं, हे तिला चारचौघींत चुकल्यावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं. आणि तिच्या माहेरचं एखादं काही घरात येऊ द्या. माझं पुरण आता आवाहनाच्या दिवशी असतं. कोणाचाही देव कोपला नाही.

मासिक पाळीचं पण बोला, बायकांनी आपसात तरी. त्या दिवसांत पुढे ढकलायच्या गोळ्या मी स्वतः सहा-सात वर्षं घेतल्यात, डॉक्टरला न विचारता, मेडिकलमधून. वहिनींनी घेतल्यात. आईच्या वेळेला गोळ्या नव्हत्या तर त्या मागच्या पडवीत बसायच्या. माझ्या पुतणीने एका वर्षी सरळ सांगितलं की मी गोळी घेणार नाही आणि बाहेर पण बसणार नाही, काय करायचं ते करा. सगळ्या आईकडे बघायला लागल्या. आई म्हणाल्या, ती वाती वळूदे माझ्याबरोबर. झालं. प्रत्येक घरात असं होईल असं मी म्हणत नाही, तुमच्या घरात काय पाळायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवा, गोळ्या गपचूप गिळू नका.

सुतक आलं तर काय हा प्रश्न पण आधीच बोलून ठेवा, कारण भावकी मोठी असली की कधीतरी येतंच. आम्हाला भटजींनी सांगितलं की त्या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी करा. आईला चुटपुट लागली होती, पण भटजींच्या तोंडून ऐकल्यावर त्या शांत झाल्या. आपण सांगितलं असतं तर "तुम्हाला करायचाच नाही" असं झालं असतं.

पुतण्या म्हणतो मी देव मानत नाही. एकोणीस वर्षांचा आहे. दादा चिडायचे, आरतीला उभा राहा म्हणून. मी म्हटलं त्याला माटवीवर चढवा. आता माटवी तोच बांधतो, रानात जाऊन कवंडळं तोच आणतो, विसर्जनाला पाट डोक्यावर तोच घेतो, आरतीला मागे उभा राहून झांजा वाजवतो, टाळ्या वाजवत नाही म्हणे तत्त्व म्हणून. असू दे की.

ताईंचं वेगळं आहे. मुलींना आपण गृहीत धरतो, येईल ती, तिचंच घर आहे. ताई एकदा म्हणाल्या की गौर माहेरी येते तिला तुम्ही पावलं काढून, दारात हातपाय धुऊन आणता आणि मला ग्रुपवर मेसेज. तेव्हापासून दादा स्वतः फोन करतात, पंधरा दिवस आधी, "कधी येतेस?" एवढाच दोन मिनिटांचा फोन. आणि ताई आल्या की त्यांना पहिला दिवस काम नाही, दुसऱ्या दिवसापासून यादीत नाव.

आईंना "तुम्ही बसा" म्हणू नका

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आई आता ७९ च्या. गुडघे गेले, ऐकू कमी येतं. आम्ही प्रेमाने म्हणायचो आई तुम्ही बसा, आम्ही करतो. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्या खरंच बसल्यात, एका कोपऱ्यात, आणि सगळ्यांच्या मध्ये मध्ये सूचना देतायत, मीठ जास्त झालं, दिवा विझेल, नारळ असा नाही तसा ठेव. आम्ही वैतागायचो. ज्या बाईने पन्नास वर्षं हा सण एकटीने ओढला तिच्या हातातलं सगळंच काढून घेतलं तर ती तोंडानेच करणार ना.

मग दोन कामं फक्त त्यांची ठेवली. कापसाची वस्त्रं-वाती, ह्या त्या श्रावणापासून डोंबिवलीत करायला घेतात आणि डबा स्वतःच्या पिशवीतून नेतात, कोणाच्या हातात देत नाहीत. आणि चव. नैवेद्याची चव बघायची नसते हे मला माहीत आहे, म्हणून त्या वासावरून सांगतात. गेल्या वर्षी सारणाचा वास घेऊन म्हणाल्या गूळ अजून मूठभर, आणि बरोबर होतं.

त्यांच्याकडून मापं लिहून घ्या. "अंदाजाने" म्हणतील. त्यांची मूठ वाटीत मोजा. आईंची तांदळाच्या पिठाची एक मूठ म्हणजे आमची पाऊण वाटी भरली, हे आम्हाला मोदक फाटण्याच्या चार वर्षांनंतर कळलं. फुगड्यांची गाणी रेकॉर्ड करा, पण फोन तोंडासमोर धरू नका, गप्प होतात. भाजी निवडताना शेजारी ठेवून द्या.

गाऱ्हाणं

आमच्याकडे पूजेनंतर घरातला मोठा पुरुष गाऱ्हाणं घालतो, बा देवा महाराजा म्हणून सुरू करतो, घरातल्या सगळ्यांची नावं, कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं, आणि बाकीचे मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. एक सांगते, यात टोमणे मारू नका. एका वर्षी काकांनी "ज्यांका घराची आठवण नाय त्यांका बुद्धी दी" असं घातलं होतं आणि अख्खं घर व्हय म्हाराजा म्हणायचं की नाही या विचारात गप्प.

पण गाऱ्हाण्याची ताकद मी २०१९ ला बघितली. भाऊजी आले होते पण दादांशी बोलत नव्हते, बायकामुलांना घेऊन एका बाजूला उभे. दादांनी गाऱ्हाणं सुरू केलं, आईचं नाव, मग आपलं न घेता पहिलं धाकट्याचं घेतलं, त्याच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करत होते, ते दादांना कसं कळलं देव जाणे, "त्येची नोकरी सांभाळ म्हाराजा." सगळ्यात मोठा व्हय म्हाराजा भाऊजींच्या मुलाचा होता, आठ वर्षांचा, त्याला काय कळलं नव्हतं. भाऊजी मागे पाणी प्यायला गेले. माफी वगैरे कोणी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. दुपारी दादांच्या पानात भाऊजींनी मोदक वाढले आणि वर तूप जरा जास्तच सोडलं.

म्हणून गाऱ्हाणं घालणाऱ्याला आदल्या रात्री एका कागदावर सगळ्यांचं काय चाललंय ते लिहून द्या. कोणाचं नाव राहता कामा नये. जावयांचं पण, ताईंच्या सासूचं पण.

विसर्जनाच्या दिवशी

उत्तरपूजा झाली की हिशोब काढू नका, व्हाळावर (ओढ्यावर) जाऊन या, पाटावरून माती घेऊन घरी या, सगळ्यांनी चहा घ्या, मग वही काढा. काय चुकलं ते तेव्हाच लिहायचं, नावं न घालता. "नारळ सात कमी पडले", "पाहुण्यांना चादरी नव्हत्या", "उसळ यंदा बरी". दहा मिनिटं. मग वही पुढच्या पाळीवाल्याकडे.

आता वही धाकटीकडे आहे. तिने बडोद्याहून फोटो पाठवला होता, पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलंय: पाटाचं माप, लांबी सव्वा फूट, रुंदी एक फूट. खाली भाऊजींची सही.